डोळे उघडे ठेवून

गेल्या आठवड्यात ऑफिसात माइंडफुलनेसचं, म्हणजे मन समोरच्या क्षणावर ठेवण्याचं, सत्र झालं. मंद दिवे, बासरी, "डोळे मिटा, मनातले सगळे विचार काढून टाका." माझ्या शेजारची दोन मिनिटांत पेंगायला लागली. मी मात्र पंख्याकडे बघत बसले. डोळे मिटले की मला काय दिसतं ते मला माहीत आहे.

आमचा थोरला मुलगा बोटीवर सेकंड इंजिनिअर. गोव्यात याचं कुणाला नवल नाही, वाड्यावर चार घरं सोडून कुणीतरी बोटीवर असतंच. पण 19 नोव्हेंबर 2023 ला येमेनच्या हूथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात 'गॅलेक्सी लीडर' जहाज ताब्यात घेतलं आणि अशा घरांची झोप उडाली. त्या जहाजावरचे 25 जण सुटायला जानेवारी 2025 उजाडला. कित्येक कंपन्या आफ्रिकेला वळसा घालून बोटी न्यायला लागल्या. थोरल्याची बोट मात्र त्याच वाटेने जाणार होती.

मोबाइलवर बोटीचा ठिपका दिसतो. तो बघायचं व्यसनच लागलं. एका रात्री अडीचला ठिपका गायब. त्या पट्ट्यात कित्येक बोटी आपली जागा सांगणारं यंत्र मुद्दाम बंद ठेवतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. हात गार, छातीत धडधड, आता मी जाते की काय असं झालं. सकाळी ईसीजी काढला, तर नॉर्मल! डॉक्टर माझ्या धाकटीच्या वयाची. म्हणाली, "काकी, हृदय ठणठणीत आहे. शरीर पळायच्या तयारीत आहे, पण पळणार कुठे?" श्वास सोडताना लांब सोडा, तेव्हा हृदयाचे ठोके आपसूक मंदावतात, एवढं तिनं शिकवलं. आणि डोळे मिटू नका म्हणाली. समोर जे आहे ते बघा, हाताला लागतंय ते ओळखा, कानावर येतंय ते ऐका.

मी रोज डिचोलीहून पणजीला जाते. स्कूटर चोडणला ठेवते आणि फेरीबोटीने रायबंदर गाठते. पायी येणाऱ्याला तिकीट नाही, तेव्हा माझी साधनाही फुकटच! फोन पर्समध्ये टाकायचा. चपलांच्या तळव्यांतून इंजिनाची थरथर पोटरीपर्यंत चढते. डिझेलचा वास आणि त्याखाली खाजणातल्या चिखलाचा. खांबावर पाणकावळा पंख पसरून बसलेला असतो. मध्येच मन एडनच्या आखातात जातं. जाऊ दे. परत थरथरीवर यायचं. पहिल्या दिवशी दहा मिनिटांत चाळीस वेळा तरी गेलं असेल.

हे 'परत येणं' म्हणजेच सगळा सराव, असं माझं मत झालंय. विचार काढून टाकायला कुणाला जमलंय? विळीवर बांगडे कापताना आपण सगळ्या बायका माइंडफुलच असतो, नाहीतर बोट जातं. त्यासाठी मांद्रे-हरमलच्या किनाऱ्यावरच्या ध्यान-शिबिरांना पैसे मोजायची गरज मला दिसत नाही. ज्यांना परवडतं त्यांनी जरूर जावं.

1979 मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जॉन कबात-झिन यांनी माइंडफुलनेस बौद्ध परंपरेतून उचलून दीर्घ दुखण्याच्या रुग्णांपुढे ठेवलं, काही आठवड्यांचा अभ्यासक्रम करून. आपल्याकडे गोएंका गुरुजींचं इगतपुरीचं विपश्यना केंद्र त्याच्याही आधी, 1976 पासून आहे. दहा दिवसांचं शिबिर, शुल्क नाही, पहिले तीन दिवस नुसता श्वास. मला जायचं होतं. पण बोट तांबड्या समुद्रात असताना दहा दिवस फोन जमा करायचा? माझ्याच्यानं होणार नव्हतं. गुरुजींबद्दल आदर आहे, पण घाबरलेल्या माणसाला सुरुवातीला तासन्‌तास गप्प बसवू नये असं मला वाटतं.

आणि "तुम्ही गोंयकार सुशेगाद, निवांत, तुम्हाला कसलं टेन्शन" म्हणणाऱ्यांना तर हात जोडते.

या सरावानं समुद्रातलं क्षेपणास्त्र थांबत नाही. मार्च 2024 मध्ये 'ट्रू कॉन्फिडन्स' जहाजावर तीन खलाशी गेले, ती बातमी आली त्या दिवशी श्वासबिस काही चाललं नाही. यांनी रात्रभर हात धरून ठेवला. तेवढ्यानंही ज्यांचं भागत नाही त्यांनी 14416 फिरवावा. टेली मानसचा, मानसिक आरोग्यासाठीचा, सरकारी क्रमांक आहे, पैसे पडत नाहीत.

थोरला सुट्टीवर आला तेव्हा मी भीत भीत विचारलं, "तुला भीती नाही वाटत रे?" तो सोलकढी पीत होता. म्हणाला, "वॉचवर असताना नाही गे आई. चार ते आठ इंजिन रूममध्ये प्रेशर बघ, तापमान बघ, लिहून ठेव. वॉच संपवून केबिनमध्ये आडवं पडलं की वाटते."

"मग काय करतोस?"

"उठून परत खाली जातो. काम नसलं तरी."

पुढच्या महिन्यात तो परत जातोय. ठिपका बघायचं ॲप मी काढून टाकलेलं नाही. फेरीत मात्र उघडत नाही, निदान रायबंदर येईपर्यंत.