कर्करोगावर संशोधन करायचंय? आधी झेरॉक्सवाला गाठा

कोल्हापुरात राहून कर्करोगावर पीएच.डी. करायचं ठरवलंत, झकास. विषय वजनदार आहे, ‘याचा उपयोग काय?’ असं कुणी विचारत नाही आणि लग्नाच्या बायोडेटातही शोभून दिसतो. फक्त प्रत्यक्ष कर्करोगाच्या फार नादी लागू नका. तो सवडीचा आजार आहे आणि यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे तुमच्याकडे पुनर्नोंदणी धरली नाही तर सहाच वर्षं आहेत.

आधी वनस्पती निवडा. इथे एक खड्डा आहे, तो टाळा. आपल्याच सह्याद्रीच्या जंगलात नरक्या मिळतो. त्यात कॅम्प्टोथेसिन असतं आणि त्याच रेणूवरून टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही आज रुग्णांना दिली जाणारी औषधं तयार झाली. म्हणजे हे झाड खरोखरच काम करतं. तिकडे फिरकू नका. वनखात्याचे उंबरे झिजवावे लागतील आणि जगभरात आधी झालेल्या कामाशी तुलना करावी लागेल, ती वेगळीच. त्यापेक्षा परसातला शेवगा बरा. पाल्याचा अर्क काढा, त्यात सिल्व्हर नायट्रेट घाला. द्रावण तपकिरी झालं आणि ४२० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाशशोषणाचं शिखर दिसलं की चांदीचे नॅनोकण झाले, अर्धा प्रबंधही झाला. शेवग्याऐवजी गुळाचं पाणी घेतलंत तरी त्यातली साखर हेच काम करते. शिवाय ‘कोल्हापुरी गूळ कर्करोगावर गुणकारी’ अशी बातमी फोटोसकट छापून येते ती वर.

मग पेशी. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून एमसीएफ-७ या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी मागवा. फ्लास्क गळ्यापर्यंत पोषक माध्यमाने भरलेला आणि झाकणाला पॅराफिल्म गुंडाळलेला येतो. शहाणी माणसं तो ७० टक्के अल्कोहोलने पुसून न उघडता रात्रभर ३७ अंशांवर ठेवतात, दुसऱ्या दिवशी जादा माध्यम काढतात आणि पेशी वाढल्या की पहिल्यांदा चार-सहा कुप्या १० टक्के डीएमएसओ हे द्रावक घालून गोठवतात. तुम्ही या भानगडीत पडू नका. गोठवायला द्रव नायट्रोजन लागतो. म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी तो −१९६ अंशांवर गावोगाव वेळेवर पोचतो, पण तुमच्या पेशींना आधी मागणीपत्र लागतं. तेव्हा त्याच पेशी वर्षभर या फ्लास्कातून त्या फ्लास्कात फिरवत राहा. मायकोप्लाझ्मा या पेशींत घुसणाऱ्या जीवाणूची तपासणी तर करूच नका. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली तो दिसत नाही, पेशीभित्तिकाच नसल्यामुळे पेनिसिलिनला दाद देत नाही आणि माध्यम गढूळही करत नाही. इतका समजूतदार पाहुणा कशाला हाकलायचा?

तोंडाचा कर्करोग हा आपल्याकडचा, तंबाखूच्या पुडीतला विषय. त्यासाठी केबी पेशी घ्या. त्या तोंडाच्या नाहीत. १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून निघालेल्या हेला पेशींनी त्यांची जागा कधीच बळकावली, हे कित्येक दशकं जाहीर आहे. पेशींची डीएनएवरून ओळख पटवणारी एसटीआर चाचणी केली की दुधाचं दूध आणि पाण्याचं पाणी होतं, म्हणून ती करू नये.

आता खरी कला, एमटीटी. हा पिवळा रंग जिवंत पेशींमुळे जांभळा होतो, त्यावरून किती जगल्या ते मोजायचं. ९६ खान्यांची प्लेट, एका खान्यात पाच ते दहा हजार पेशी, दुसऱ्या दिवशी अर्क, पुढे एमटीटी घालून तीन-चार तास आणि शेवटी ५७० नॅनोमीटरला वाचन. सोपं आहे, पण घोळ दोन्हीकडून होतो. अर्क डीएमएसओत विरघळवला आणि खान्यात तो अर्ध्या टक्क्याच्या बराच वर गेला, तर पेशी औषधाशिवायच मरू लागतात. उलट अर्कातले पॉलिफेनॉल पेशी नसतानाही एमटीटीला जांभळं करतात, त्यामुळे मेलेल्या पेशी जिवंत दिसतात. एक चूक मारते, दुसरी जगवते, आणि आलेख कसा छान गुळगुळीत येतो! कोणती चूक किती झाली, हे नुसत्या डीएमएसओच्या आणि बिनपेशींच्या, म्हणजे कंट्रोलच्या, खान्यांवरून कळतं. म्हणून ते खाने ठेवू नका. निरोगी पेशींची प्लेटही लावू नका. चांदी त्यांनाही मारते, आणि मग प्रबंधाचं शीर्षक बदलावं लागतं.

पैशांचं काय? प्रस्ताव लिहिताना मोठं यंत्र मागा. पेशी वाढवायच्या सीओटू इन्क्युबेटरला फीत बांधता येते, कोनशिला लावता येते, पेशींना पोसणाऱ्या बाटलीभर सीरमचं उद्घाटन करता येत नाही. त्याचा सीओटूचा सिलिंडर भरायला मात्र पैसे मागायचे नाहीत. तो शनिवारी संध्याकाळी संपतो, एमआयडीसीतला गॅसवाला सोमवारी उघडतो आणि तोवर माध्यम लालसर नारिंगीचं गुलाबी-जांभळं होऊन बसतं. रंग सुरेख असतो. पेशींना तो मानवत नाही.

अनुदानाचा हप्ता हिवाळा सरता सरता येतो आणि ३१ मार्चच्या आत खर्च करायचा असतो. त्यासाठी तीन कोटेशनं घ्या. तिन्ही एकच एजंट आणून देतो. तिन्हींत स्पेलिंगची चूक एकाच जागी असली तरी चालते, शिक्के तेवढे वेगळे हवेत. सीरम आयात होऊन जूनमध्ये येईल, पण विनियोग प्रमाणपत्र जीएफआर १२-अ या सरकारी नमुन्यात आत्ताच द्यायचं आहे. तेव्हा मार्चमध्ये पिपेटच्या प्लास्टिकच्या टिप्स घ्या. त्या नासत नाहीत, आणि कपाट भरलं की प्रयोगशाळा चालू असल्यासारखी दिसते. बजेटात थोडी हवाही ठेवा. २०२४ च्या जुलैत प्रयोगशाळेच्या रसायनांवरचं सीमाशुल्क थेट १५० टक्के झालं आणि ओरड झाल्यावर काही दिवसांत १० टक्क्यांवर आलं. मधल्या दिवसांत ज्यांनी कोटेशन मागवलं, त्यांना विज्ञानावरचं प्रेम पारखून मिळालं.

जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती, असेल तर महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी मूल्यमापन होऊन ४२,०००. कागदावर. प्रत्यक्षात रक्कम थकून थकून एकदम येते, म्हणून राजारामपुरीत खोली घेताना घरमालक निवृत्त प्राध्यापक आहे ना, तेवढं पाहा. त्यांना थकबाकी कळते.

कार्यक्रम दोन पाळा. ४ फेब्रुवारीला जागतिक कर्करोग दिन, ७ नोव्हेंबरला राष्ट्रीय जागरूकता दिन. दसरा चौकातून फेरी, गुलाबी फिती, शाल-श्रीफळ आणि तंबाखूच्या दुष्परिणामांवर भाषण. ते ऐकणाऱ्यांतले काही जण मंडपामागे मळत उभे असतात, तिकडे बघायचं नाही. मग आंतरराष्ट्रीय परिषद. परदेशातला एक पाहुणा झूमवर आला की ती आंतरराष्ट्रीय. नोंदणी शुल्क, पिशवी, जेवण आणि प्रमाणपत्र, याच क्रमाने महत्त्वाचं. भारतीय कर्करोग संशोधन संघटनेच्या वार्षिक अधिवेशनाला मात्र जपून. तिथे कुणीतरी पोस्टरसमोर थांबून ‘डीएमएसओचा कंट्रोल कुठाय?’ असं विचारतं. असल्या माणसांना आपल्या परिषदेचं निमंत्रण जाता कामा नये.

पदवी हाती येईपर्यंत तिशी उलटते. केंद्राच्या पोस्टडॉक्टरल फेलोशिपला पस्तिशीची अट, त्यामुळे जन्मतारीख आणि निकालाची तारीख शेजारी शेजारी लिहून ठेवा. ते हुकलं तर तासिका तत्त्वावर शिकवा. कायम जागेची मुलाखत निघाली की शोधनिबंधांच्या झेरॉक्सचे तीन संच, स्पायरल बांधून. कर्करोगावर एकही प्रश्न येणार नाही. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या निकषांच्या फायली करता येतात का, एवढंच विचारतील. हो म्हणा.