चार जागा, चार मतं, एकच पॅनेल

पुण्यातल्या निवडणुकीच्या चर्चेत एक मागणी हमखास येते: चार सदस्यांचा प्रभाग मोडा आणि एक वॉर्ड, एक नगरसेवक करा, म्हणजे खड्ड्याचा जाब कुणाला विचारायचा ते कळेल. मागोमाग दुसरं वाक्य येतं की इतक्या जातीधर्मांच्या शहरात लोकशाही याहून बरी चालणारच नाही. डब्लिनमध्ये बसून हे वाचताना चीड येते, कारण रोगाचं निदानच चुकलंय.

पुण्यात २००७ला एकसदस्य वॉर्ड होते, २०१२ला दोघांचे प्रभाग झाले, २०१७ला चौघांचे. मोजणी मात्र तीच राहिली. मतदार अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी चार बटणं दाबतो आणि प्रत्येक जागेवर सर्वाधिक मतांचा उमेदवार येतो. तिरंगी लढतीत चाळीस टक्के मतांचं पॅनेल चारही जागा नेऊ शकतं. बाकीच्या साठ टक्क्यांत एखादी वस्ती, एखादा मोहल्ला, भाड्याने राहणारी आयटीतली पोरं असतील. त्यांचं सभागृहात कुणीच नाही. एकसदस्य वॉर्डाने हे सुटत नाही. शहरभर विखुरलेला वीस टक्क्यांचा गट तिथे प्रत्येक वॉर्डात हरतो.

डब्लिन सिटी कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या महापालिकेच्या, ६३ जागा आहेत, ११ विभागांत, प्रत्येकी पाच ते सात. मतपत्रिकेवर नावांपुढे १, २, ३ लिहायचं. कोटा असा काढतात: जागांच्या संख्येत एक मिळवायचा, त्याने वैध मतांना भागायचं आणि उत्तरात पुन्हा एक मिळवायचा. चार जागा आणि ५०,००० मतं असतील तर कोटा १०,००१. कुणी तो ओलांडला की वरची मतं पुढच्या पसंतीप्रमाणे वाटली जातात. कुणीच ओलांडला नाही तर तळाचा उमेदवार बाद होऊन त्याच्या पत्रिका पुढे सरकतात. यात कटकटी आहेत. मोजणी काही दिवस चालते, दोन नावांपुढे १ लिहिलं तर मत बाद, आणि एकाच पक्षाचे दोघे एकमेकांच्या मतांवर टपलेले असतात. पण लहान गटाच्या उमेदवाराला इतरांची दुसरी-तिसरी पसंती लागते. ज्यांच्या दारात ती मागायला जायचं, त्यांना सभेत शिव्या घालून कसं चालेल? विविधतेच्या शहराला ही शिस्त हवी.

‘तिथे सगळे एकसारखे, म्हणून जमतं’ हेही खरं नाही. इथे राहणाऱ्या अठरा वर्षांवरील कुणालाही, नागरिकत्व नसलं तरी, कौन्सिलसाठी मत देता येतं. आरक्षण मात्र इथे नाही, आणि आयर्लंडभरच्या नगरसेवकांत बायका निम्म्याच्या जवळपासही नाहीत. पुण्यात निम्म्या जागा कायद्यानेच बायकांच्या. त्या बाबतीत पुणं पुढे आहे, हे मी इथे ठासून सांगतो.

आणि ही पद्धत आपल्याला परकी कुठे आहे? पुणे पदवीधर मतदारसंघात, विधान परिषदेसाठी, पुणेकर पसंतीक्रमच लिहितो. दलितांना संयुक्त मतदारसंघांत राखीव जागा देणारा १९३२चा पुणे करार येरवड्याच्या तुरुंगात झाला. पुढे १९३७ला मुंबई प्रांताच्या बहुसदस्य मतदारसंघांत मतदाराला आपली सगळी मतं एकाच उमेदवाराला देता येत होती. बाबासाहेबांचा त्यासाठी आग्रह होता. विखुरलेल्या समाजाला एक तरी जागा मिळावी, एवढाच हिशेब.

आरक्षणाशी याचं भांडणही नाही. चारांपैकी दोन जागा महिलांच्या असतील, तर दोन पुरुष निवडून आल्यावर उरलेले पुरुष मोजणीतून बाद करायचे आणि त्यांची मतं पुढे न्यायची. अनुसूचित जाती, ओबीसींच्या जागांनाही हाच नियम लावता येईल. पालिकांच्या कायद्यात दुरुस्ती लागेल, यंत्राऐवजी कागद लागेल, निकालाला चार दिवस लागतील.

परदेशातून शहाणपण शिकवू नका, असं ऐकावं लागतं. ते बोचतं. अनिवासी भारतीयाने फॉर्म ६अ भरला तर नाव यादीत येतं, पण मतासाठी पासपोर्ट घेऊन केंद्रावर स्वतः जावं लागतं. इथे मला कौन्सिलचं मत आहे, डॉइलचं, म्हणजे आयर्लंडच्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहाचं, नाही. माझं पूर्ण मत कुठेच पडत नाही, आणि तरी प्रारूप प्रभागरचना जाहीर झाली की मी आधी पुण्याचाच नकाशा उघडतो.