लॉर्ड रॉबर्ट्सच्या छातीवरचं प्रत्येक मेडल शौर्याचं नाही

ब्रिटिशांचा सेनापती लॉर्ड रॉबर्ट्स याचा छातीभर मेडल्स लावलेला फोटो सध्या खूप फिरतोय. खाली लिहिलंय की यातलं प्रत्येक मेडल एकेका पराक्रमाचं, रिबनवरच्या पट्ट्या (लढाईचं नाव कोरलेल्या धातूच्या छोट्या पट्ट्या, क्लास्प) म्हणजे जिथे शौर्य गाजवलं त्या लढाया, ऑफिसरला भारी धातूचं मेडल मिळायचं आणि आपल्या शिपायांना काहीच नाही. वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय.

पहिलं म्हणजे शौर्याचं असं त्यात एकच, व्हिक्टोरिया क्रॉस, २ जानेवारी १८५८ ला, सत्तावनच्या उठावात, खुदागंजला केलेल्या कामगिरीचा, तेव्हा तो बंगाल आर्टिलरीत साधा लेफ्टनंट होता. बाकी बरीचशी मोहिमेची मेडल्स, म्हणजे त्या मोहिमेत तुम्ही हजर होता एवढंच ती सांगतात. याचा पुरावा त्याच्याच घोड्याचा आहे. व्होनोलेल नावाचा हा अरबी घोडा रॉबर्ट्सने मुंबईत विकत घेतला होता, तो १८७८ ते १८८० च्या अफगाण युद्धात त्याच्यासोबत होता म्हणून राणीने त्यालाही चार पट्ट्यांसकट अफगाण मेडल दिलं, वर काबूल ते कंदाहार कूच केल्याचा स्टारही दिला!

मेडल भारी असायचं हे अगदीच हवेतून आलेलं नाही. १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या मेडलला ईस्ट इंडिया कंपनीने खरंच हुद्द्याप्रमाणे धातू वापरला होता, सोन्यापासून कथलापर्यंत. पण रॉबर्ट्सच्या काळात ते राहिलं नव्हतं. अफगाण मेडल जनरललाही चांदीचं आणि शिपायालाही चांदीचंच, एका बाजूला राणी, दुसऱ्या बाजूला हत्तीवर तोफ लादून चाललेली पलटण. कंदाहारचा स्टार तर सगळ्यांनाच ब्राँझचा, जिंकलेल्या तोफा वितळवून केलेला. म्हणजे शिपायांना काहीच नाही हेही चूक. भेदभाव होता तो शौर्यपदकात, हिंदी शिपायाला व्हिक्टोरिया क्रॉस मिळू शकत नव्हता, ते दार १९११ ला उघडलं, तोवर त्याच्यासाठी १८३७ पासूनचं वेगळं ऑर्डर ऑफ मेरिट होतं. राग यायचा तर याचा यावा.

आता पट्ट्या. रॉबर्ट्सच्या अफगाण मेडलवर चार आहेत, पेवार कोतल, चारासिया, काबूल, कंदाहार. त्या लढाईत हजर असलेल्या सगळ्यांना ती पट्टी, मग कुणी पुढे घुसलेला असो की मागे थांबलेला. आणि त्याच युद्धातल्या कंदाहारजवळच्या मैवंदच्या लढाईला पट्टीच नाही. २७ जुलै १८८० ला तिथे अडीचेक हजारांची ब्रिटिश ब्रिगेड अफगाण सरदार अयुबखानाच्या फौजेसमोर उभी राहिली आणि जवळजवळ हजार माणसं मेली, त्यात आपल्या बॉम्बे आर्मीच्या पलटणी होत्या, पहिली ग्रेनेडियर्स, तिसावी जेकब्ज रायफल्स, बॉम्बे सॅपर्स या इंजिनिअर पलटणीची तुकडी, हो तीच सॅपर्स जी आज खडकीला आहे. हार झाली म्हणून त्या नावाची पट्टी कधी निघालीच नाही. रॉबर्ट्स काबूलहून तीनशे मैलांवर कंदाहारला फौज घेऊन कूच करत आला तो या हारीनंतरच, त्याला त्याचा स्टार मिळाला, मैवंदला मेलेल्यांच्या नावाने निघालं ते नुसतं मेडल, अगदी तसंच जसं मागे रसदेच्या वाटेवर पहारा देणाऱ्याला मिळालं.

त्यामुळे जुन्या पेटीतून कुणाला बिनपट्टीचं अफगाण मेडल सापडलं तर ते हलकं समजून मोडीत घालू नका. आधी त्याची कड वाचा, नाव आणि पलटण तिथे कोरलेली असते.