गणपतरावांचा कित्ता मुळीच गिरवू नका

आमदारकीला उभं राहायचं मनात असेल तर आधी एक काम करा. घरातल्या, भावकीतल्या, पारावरच्या ज्या म्हाताऱ्यांच्या तोंडी सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याच्या गणपतराव देशमुखांचं, म्हणजे आबासाहेबांचं, नाव येतं, त्यांच्यापासून चार हात लांब राहा. माणसं वाईट नाहीत, पण त्यांच्या नादाने होतकरू पोरांचं वाटोळं होतं. ‘आमदार असावा तर आबासाहेबांसारखा’ असं दिवसा म्हणायचं आणि मतदानाच्या आदल्या रात्री दार किलकिलं ठेवून झोपायचं, ही आपली रीत तुम्हाला ठाऊक आहेच. तेव्हा म्हाताऱ्यांचं ऐकू नका, दाराकडे लक्ष ठेवा.

या गणपतरावांनी केलं तरी काय? मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा शेतकरी घरातला मुलगा, वकील झाला, सांगोल्यात आला आणि १९६२ साली आमदार झाला. इथपर्यंत ठीक. पण पुढे २०१४ पर्यंत हा माणूस त्याच सांगोल्यातून, त्याच शेतकरी कामगार पक्षाच्या लाल बावट्याखाली एकूण अकरा वेळा निवडून आला. १९७२ आणि १९९५ साली पडला, तेवढाच आपल्याला दिलासा. तेरा वेळा तिकीट, आणि तेराही वेळा एकाच दारातून! ‘मला डावललं’ म्हणून पत्रकार परिषद नाही, ‘कार्यकर्त्यांशी बोलून निर्णय घेतो’ नाही, की नॉट रिचेबल होणं नाही. जो कधी रुसतच नाही त्याची समजूत काढायला कोण कशाला येईल? आणि समजूत काढायला कुणी आलं नाही तर महामंडळ तरी कसं मिळायचं?

पक्षांतराचा कायदा मात्र नीट समजून घ्या, तिथे अडाणीपणा परवडत नाही. १९८५ साली कायदा आला तेव्हा एक तृतीयांश आमदार जमले की ‘फूट’ म्हणून चालून जायचं. २००३ च्या घटनादुरुस्तीने ती सोय काढून घेतली. आता विलीनीकरण दाखवायला दोन तृतीयांश लागतात. म्हणून एकट्याने कधी हलू नये, झुंडीने हलावं. आता गणपतरावांकडे बघा. २०१४ साली विधानसभेत शेकापचे आमदार किती? तीन. दोन तृतीयांश म्हणजे फक्त दोन डोकी! उरलेल्या दोघांपैकी एकाशी चहा प्यायला असता तरी काम झालं असतं. इतकी स्वस्त सोय राज्यात फार थोड्यांच्या नशिबी येते, आणि या गृहस्थांनी ती वाया घालवली.

उलट त्याच सांगोल्याचे त्यांच्यानंतरचे आमदार शहाजीबापू पाटील बघा. जून २०२२ मध्ये शिवसेनेतल्या बंडखोरांबरोबर गेलेले बापू गुवाहाटीच्या हॉटेलातून एका कार्यकर्त्याशी फोनवर ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील’ असं बोलले आणि दोन दिवसांत सांगोला उभ्या महाराष्ट्राला पाठ झालं. त्यावर गाणी निघाली, टीशर्ट निघाले. गणपतरावांच्या पन्नास वर्षांच्या आमदारकीवर एक तरी टीशर्ट निघाला का?

आता शेतीकडे वळू, कारण तुम्ही ‘शेतकऱ्याचं पोर’ असणं सगळ्यात महत्त्वाचं. नसाल तर व्हा. प्रतिज्ञापत्रात व्यवसायाच्या रकान्यात ‘शेती व समाजसेवा’ लिहायचं. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही आणि समाजसेवेला उत्पन्न नाही, त्यामुळे दोन्हीकडून तुम्ही सुरक्षित. सातबारा असला म्हणजे पुरे, त्या गटात जायची वाट माहीत असायला हवी असं नाही. पण पाहणी दौऱ्याची तयारी हवी. गारपिटीनंतर डाळिंबाच्या बागेत उभं राहायचं, तर पांढरे कपडे, पायात बूट चिखलाला चालतील असे, आणि गाडीत दुसरा जोड. फुटलेलं एक फळ हातात घ्यायचं, ते कॅमेऱ्याच्या बाजूला फिरवायचं आणि मान हलवायची. बोलायचं नाही. इथेच बरेच जण फसतात. उगाच जवळीक दाखवायला ‘कोणता बहार धरला होता?’ असं विचारतात, आणि शेतकरी खरंच उत्तर देतो. तो म्हणतो हस्त. मग तो ताण किती दिवस दिला, पानगळ कशी केली, तेल्या रोग कुठल्या फांदीवर आधी दिसला, फवारणीला किती गेले आणि पीकविम्याच्या माणसाने फोन का उचलला नाही, हे सगळं सांगत सुटतो. तुम्हाला मृग, हस्त आणि आंबे बहार यांतला फरक ठाऊक नसतो, मागे तलाठी पंचनाम्याचा कागद घेऊन उभा असतो आणि पुढच्या गावात जेवण गार होत असतं. तेव्हा प्रश्न विचारायचा नाही. पाठीवर हात ठेवायचा आणि ‘सरकार तुमच्या पाठीशी आहे’ म्हणून निघायचं. विरोधात असाल तर ‘सरकारला जाब विचारू’ म्हणायचं. हात तोच ठेवायचा.

गणपतरावांची गफलत इथेच झाली. ते ऐकत बसायचे. ऐकलं की मागे लागावं लागतं. १९९० साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आली. तेव्हा सांगोल्यासारख्या कायम दुष्काळी तालुक्यात ती बांधापर्यंत पोचू द्यायची काही गरज होती का? पोचली. माळरानावर डाळिंब उभं राहिलं, अजनाळ्यासारख्या गावात शेततळी झाली, शेततळ्यांच्या कडेला बंगले झाले. आता सांगा, ज्याच्या शेततळ्यात पाणी आहे तो टँकर मागायला तुमच्या दारात कशाला येईल? टँकरच नसेल तर टँकरवर फोटो कुणाचा लावणार? पुढे तेल्या आला, मर आली, खोडकिड्याने बागाच्या बागा वाळवल्या, पण तोवर लोकांना स्वतःच्या पायावर उभं राहायची वाईट सवय लागून गेली होती.

पाण्याचंही तेच. कृष्णेचं पाणी दुष्काळी तालुक्यांना मिळावं म्हणून क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडींच्या बरोबरीने हे आटपाडीच्या पाणी परिषदेत वर्षानुवर्षं जाऊन बसले. दर वर्षी तेच ठराव, त्याच घोषणा, तेच जमिनीवर बसणं. टेंभू, म्हैसाळ अशी योजनांची नावं अंगाईसारखी पाठ झाली लोकांना. हा मार्ग तुमच्यासाठी नाही. उपसा सिंचन योजनेत तुम्हाला कळायला हवा तो एकच शब्द, सुप्रमा, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता. योजनेचं भूमिपूजन एकदा होतं, सुप्रमा पुन्हा पुन्हा होते, आणि प्रत्येक वेळी रक्कम वाढते. पाणी शेवटच्या टोकाला पोचलं की योजना संपली. मग पुढच्या निवडणुकीला नारळ कुठे फोडणार?

सभागृहाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथे तुमचा फार वेळ जायचा नाही. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, कपात सूचना, अर्ध्या तासाची चर्चा ही आयुधं आहेत असं म्हणतात. म्हणजे ती शस्त्रागारात ठेवायची असतात. गणपतराव विधेयक वाचून यायचे आणि कामकाज संपेपर्यंत जागेवर बसायचे. संध्याकाळी बाकं रिकामी, पत्रकार गॅलरी रिकामी, आणि हे उभे राहून रोजगार हमीच्या मजुरीवर बोलतायत! कोण ऐकणार? खरं काम विधान भवनाच्या पायऱ्यांवर होतं. सकाळी कामकाजाआधी गळ्यात कांद्याची माळ घालून फलक धरायचा. विदर्भातले असाल तर कापसाची किंवा संत्र्यांची माळ. कॅमेरे गेले की माळ पीएकडे द्यायची, आत हजेरी लावायची आणि मंत्रालय गाठायचं. हिवाळी अधिवेशनाला नागपूरला मात्र आवर्जून जावं. तिथे शेतीशी थेट संबंध येतो, हुरड्याला बोलावतात.

प्रवासाचं सांगायलाच हवं. एसटीत आमदारांसाठी राखीव जागा असते, हे तुम्ही लहानपणी खिडकीवरच्या पाटीवर वाचलं असेल. त्या जागेवर आमदार बसलेला कधी बघितला का? सांगोल्याच्या लोकांनी बघितला. हे एसटीने यायचे-जायचे. एसटीचा तोटा असा, की तिला काळ्या काचा नसतात. शेजारी बसलेली बाई डोलाची, म्हणजे निराधारांची, पेन्शन का थांबली ते सांगते, मागचा मुलगा दाखल्यासाठी तहसीलला किती हेलपाटे घातले ते सांगतो, आणि उतरून पळावं म्हटलं तर स्टँड यायला अवकाश असतो. फॉर्च्युनरमध्ये हा त्रास नाही. काच दोन बोटं खाली, हात बाहेर, हात आत, काच वर.

संस्था काढायची तर जपून. गणपतरावांनी सहकारी सूतगिरणी काढली, तीही जिथे कापूस फारसा पिकत नाही अशा तालुक्यात. इथपर्यंत मला त्यांच्याबद्दल आशा वाटली होती. कापूस नाही, गिरणी आहे, सरकारचं भागभांडवल आहे, म्हणजे पुढचं सगळं कसं सरळ. राज्यातल्या कितीतरी सूतगिरण्यांनी या सरळ वाटेने जाऊन दाखवलंय. यांची गिरणी मात्र चालली. बायकांना काम मिळावं म्हणून वेगळी महिला सूतगिरणीही काढली. तालुक्यातल्या लोकांना पगार मिळत राहिला. अशा माणसाला काय म्हणावं?

पडलात तर काय करायचं, हाही प्रश्न आहेच. तुम्ही विधान परिषदेकडे बघा. अठ्ठ्याहत्तर जागा आहेत, त्यातल्या बारा राज्यपालनियुक्त, साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा यांतल्या जाणकारांसाठी. प्रतिज्ञापत्रात ‘समाजसेवा’ लिहून ठेवलं होतं ते इथे उपयोगी पडतं. गणपतराव १९७२ मध्ये पडले, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. १९९५ मध्ये पडले, त्याच लोकांच्या दारात पुन्हा गेले आणि १९९९ मध्ये परत आले. मधल्या काळात मागच्या दाराची किल्ली कुणाकडे असते याची साधी चौकशी नाही. मंत्रिपदं मिळाली ती दोनदा, १९७८ च्या पुलोद म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाच्या सरकारात आणि १९९९ नंतर विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात. दोन्ही वेळा पद गेलं आणि माणूस निमूट पायउतार झाला. मलबार हिलच्या बंगल्याचा भाडेथकबाकीचा वाद नाही, नोटीस नाही, काही नाही. पद गेल्यावर बंगला न सोडण्यात जी रग असते, ती या माणसात नव्हतीच.

एका बाबतीत मात्र त्यांचा पक्ष आपल्या वाटेवर आला, हे मान्य करायला हवं. २०१९ साली वयामुळे त्यांनी उभं राहायला नकार दिला, तेव्हा इतक्या वर्षांच्या कार्यकर्त्यांच्या फळीतून शेकापला शेवटी मिळाला तो त्यांचा नातूच. डॉ. अनिकेत देशमुख ७६८ मतांनी पडले. २०२४ साली दुसरे नातू, डॉ. बाबासाहेब देशमुख, उभे राहिले आणि निवडून आले. लाल बावटा, कष्टकऱ्यांचा पक्ष, वगैरे सगळं खरं, पण उमेदवारी देताना आडनाव लागतंच. तेव्हा घरात पोर असेल तर त्याला आत्तापासून वाढदिवसाच्या फलकावर चढवा. ‘युवा नेतृत्व’ लिहायला मिसरूड फुटायची वाट बघू नका.

२०२४ च्या निकालाने काही जण बिचकले. म्हणाले, लोक अजून एसटी विसरले नाहीत वाटतं. तुम्ही बिचकू नका. एखाद्या तालुक्यात असं होतं, बाकीचे २८७ मतदारसंघ मोकळे आहेत.

आणि हो, कित्ता गिरवायचा नसला तरी आदरांजली वाहावीच लागते. ती कशी वाहतात ते शिकून घ्या. ऑगस्ट २०२३ मध्ये सांगोल्यात गणपतरावांच्या पुतळ्याचं अनावरण झालं तेव्हा शरद पवार आणि देवेंद्र फडणवीस एकाच मंचावर होते. राज्यात पक्षांची इतकी शकलं झाली होती की ती मोजणंच लोकांनी सोडून दिलं होतं, असे ते दिवस. अशा मंचावर तुमचा नंबर लागला तर साधेपणावर पाच मिनिटं बोला, एसटीवर दोन, दुष्काळावर एक. गळा थोडा दाटू द्या. पक्षनिष्ठेचा विषय मात्र काढू नका, खुर्च्यांवर कोण कोण बसलंय ते बघून बोलावं लागतं. आणि स्वागताच्या फलकावर आबासाहेबांपेक्षा आपला फोटो मोठा आलाय ना, ते आदल्या रात्रीच फ्लेक्सवाल्याकडे जाऊन बघून घ्या.