खलपात्राची बाजू मांडली म्हणून कापलेल्या गुणांविषयी

आज दुपारी कोल्हापुरात, राजारामपुरीत बहिणीकडे गेले होते. भाचीने शाळेच्या कथालेखन स्पर्धेसाठी लिहिलेली गोष्ट तपासून परत आली होती. तिच्या गोष्टीतली चेटकीण धरणाचे पाणी आटवते आणि खालच्या गावांची उभी पिके वाळवून टाकते, कारण त्याच धरणाखाली तिचे स्वतःचे गाव बुडाले आहे आणि ते बुडवताना तिला कोणी विचारलेही नव्हते. राधानगरी आणि काळम्मावाडीच्या धरणांच्या जिल्ह्यात वाढणाऱ्या मुलीला असे सुचावे यात नवल नाही. परीक्षकांनी खाली लाल शाईने शेरा दिला आहे: "भाषा उत्तम, परंतु खलपात्राची बाजू मांडल्यामुळे गोष्टीचा बोध बिघडला आहे." आणि गुण कापले आहेत. घरी येऊन दोन तास झाले तरी माझा राग उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

भाचीला ही नजर कुठून आली हे मला नेमके ठाऊक आहे. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही दोघींनी 'अवतार: द लास्ट एअरबेंडर' ही 2005 ते 2008 या काळात तीन पर्वांत आलेली ॲनिमेशन मालिका पहिल्या भागापासून अखेरपर्यंत पाहिली. तिच्या जगात काहींना पाणी, पृथ्वी, अग्नी किंवा वायू यांपैकी एक तत्त्व वश असते, आणि चारही वश असणारा एकमेव माणूस म्हणजे अवतार. अग्निराष्ट्राची राजकन्या अझुला तिला मुळीच आवडत नव्हती. अझुला पडद्यावर आली की ही उशी घट्ट आवळून धरायची आणि "आली परत" असे पुटपुटायची. शेवटच्या भागांत राज्याभिषेकाच्या दिवशी अझुला आरशासमोर स्वतःचे केस कात्रीने वेडेवाकडे कापते आणि आरशात तिला आई दिसते, तेव्हा उशी खाली पडली आणि ही पुढे सरकून बसली. पुढे नायकाच्या बाजूच्या कटाराने तिला साखळीने जखडल्यावर अझुला तोंडातून आगीचे लोट सोडत ओक्साबोक्शी रडू लागली, तेव्हा भाचीने माझ्याकडे न बघता विचारले, "मावशी, हिला न्यायला कोणीच येणार नाही का?"

ज्या मुलीला हा प्रश्न पडला तिचा बोध बिघडला, असे म्हणणाऱ्या माणसाने गोष्ट या प्रकाराचा कधी विचार केला आहे का?

अझुला आपल्याला का धरून ठेवते, याचे उत्तर बहुतेक जण 'तिचे बालपण दुःखाचे होते' असे देतात, आणि ते मला पटत नाही. मालिका तिच्या बालपणावर फारसे रडत बसत नाही. समुद्रकिनाऱ्यावर शेकोटीभोवती बसलेली असताना, आई आपल्याला राक्षस समजत होती, एवढे ती सांगून टाकते आणि विषय पुढे सरकतो. खरे काम केले आहे ते केसांनी. दुसऱ्या पर्वाच्या अगदी सुरुवातीला ती जहाजावर विजेचा सराव करत असते आणि तिच्या वृद्ध मार्गदर्शक म्हणतात की सगळे जवळपास निर्दोष झाले, फक्त एक केस जागचा हलला आहे. 'जवळपास' तिला चालत नाही. तोच एक केस मालिका शेवटपर्यंत विसरत नाही. दोन्ही मैत्रिणी उलटल्यावर ती चेरीत बी राहिली म्हणून दासीला हद्दपार करते, मग दिसेल त्याला हद्दपार करते, आणि अखेरीस कात्री उचलते. जे तिला हवे होते तेच तिच्या भावाला, झुकोलाही हवे होते: बापाच्या नजरेतली जागा. नव्या भरतीच्या तुकडीला मरणाच्या दाढेत ढकलू नका, असे युद्धसभेत म्हटल्याबद्दल बापाने तेराव्या वर्षी त्याचा चेहरा भाजला. तो दूर फेकला गेला म्हणून वाचला, आणि ती जवळ राहिली. दोघांचा प्रश्न एकच आहे, म्हणून तिचे कोसळणे आपल्याला सोडत नाही.

त्यांचा बाप ओझाय मात्र निखळ दुष्ट आहे आणि तरीही मालिका चालते, हे मान्य करते. पण त्याचा चेहराच तिसऱ्या पर्वापर्यंत नीट दाखवलेला नाही. तो चालतो, कारण त्याचे सगळे वजन मुले वाहतात.

पुढच्या मालिकेचे काम याहून अवघड असते. पहिल्या गोष्टीत युद्ध संपलेले असते आणि नायक जिंकलेला असतो, मग नवा खलनायक आणायचा कुठून? आकाशातून आणला तर तो परका वाटतो. तो जिंकलेल्यांनी उभारलेल्या घरातूनच बाहेर पडावा लागतो. 'द लेजंड ऑफ कोरा' ही 2012 ते 2014 मधली मालिका त्याच जगात सुमारे सत्तर वर्षांनी घडते, कोरा ही पुढची अवतार तिची नायिका, आणि तिचा पहिला खलनायक अमॉन हा या कामाचा उत्तम नमुना होता. पहिल्या मालिकेच्या शेवटी तिचा नायक, अवतार आंग याने ओझायला ठार मारले नाही, त्याची अग्नीवरची हुकमत काढून घेतली, आणि आपण सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. अमॉन नेमके तेच करतो. तत्त्वे वश असणाऱ्या बेंडर लोकांची शक्ती तो भर सभेत काढून घेतो. नायकाने दयेपोटी जे केले ते खलनायकाने हत्यार केले. आणि त्याची तक्रार खरी होती. ही मालिका ज्या नगरात घडते तिथे काहींना जन्मानेच ताकद मिळते आणि इतरांना मिळत नाही, बेंडरांच्या टोळ्या दुकानदारांकडून खंडणी उकळतात, आणि पुढे तर ज्यांना एकही तत्त्व वश नाही त्यांच्यावर संचारबंदी लादली जाते, त्यांच्या वस्तीची वीज तोडली जाते.

आणि मग काय झाले? अमॉन समुद्रात पडला, चेहऱ्यावरचा रंगवलेला व्रण धुऊन गेला, त्याने पाणी वश करून स्वतःला वाचवले, किनाऱ्यावरच्या अनुयायांनी ते पाहिले आणि संपले सगळे. तो स्वतःच बेंडर निघाला, म्हणून तक्रारही खोटी ठरली? त्या अंधारात बसवलेल्या वस्तीचे काय? ज्या नगरीत शाहू महाराजांनी 26 जुलै 1902 रोजी मागासलेल्यांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला, तिथल्या माणसाला जन्माने मिळालेल्या ताकदीविषयी वेगळे काही समजावून सांगावे लागत नाही. तक्रार करणाऱ्याचा मुखवटा ओढून काढला म्हणजे तक्रार मिटली, असे आपल्यापैकी कोणीही मानणार नाही. पहिले पर्व स्वतंत्र छोटी मालिका म्हणून आखले होते आणि बारा भागांत सगळे आटपायचे होते, हे मला माहीत आहे. दुसऱ्या पर्वात बेंडर नसलेला राष्ट्राध्यक्ष दिसतो, हेही खरे. तरीही ती पळवाट होती, आणि इतक्या सुंदर रचलेल्या खलनायकावर तो अन्यायच होता.

दुसऱ्या पर्वातल्या उनालाकविषयी लिहिण्यासारखे काही नाही. अंधाराचा अवतार होऊन तो आकाशाएवढा झाला, पण आकार वाढला म्हणून कोणी मनात घर करत नाही.

तिसऱ्या पर्वातला खलनायक झहीर याच्यापाशी आल्यावर माझा राग निवळतो. पृथ्वीराज्याची राणी स्वतःच्या प्रजेतल्या वायू वश असणाऱ्यांना पकडून सैन्यात कोंबते, तेव्हा अशा राणीचे कोणी का ऐकावे, हा झहीरचा प्रश्न आपल्यालाही पडलेला असतो. मग तो तिच्या छातीतली हवा ओढून घेऊन तिला मारतो, त्याच वायुतत्त्वाने जे आंगने कधी कोणाचा जीव घेण्यासाठी वापरले नाही, आणि आपण ज्याच्याशी मान डोलावत होतो त्याच्यापासून दचकून मागे सरतो. राणी मेल्यावर स्वातंत्र्य येईल असे त्याला वाटले होते. आधी लूटमार आली आणि मग ती मोडून काढायला कुविरा आली, जी पोलादी शिस्तीने राज्य एकत्र करते आणि सत्ता सोडायची वेळ आल्यावर सोडत नाही. तिचेही सारे चुकीचे नव्हते, कारण पृथ्वीराज्याची राजधानी बा सिंग से जळत असताना ज्यांना मदत करता येत होती त्यांनी हात झटकले होते. एकाच्या चुकीतून दुसरी जन्मते. विषाने खचलेली कोरा तीन वर्षांनी तुरुंगात साखळदंडांनी बांधलेल्या झहीरसमोर येऊन बसते, आणि तिची भीती ओलांडायला तोच तिला हात देतो. तो सुधारलेला नाही, त्याने क्षमाही मागितलेली नाही, पण आपल्या कृत्यातून काय उगवले हे त्याला दिसले आहे. तो प्रसंग पाहतानाही भाची हळूच म्हणाली होती, "म्हणजे याच्याकडे तरी कोणीतरी आले." ती अझुलाचा हिशेब अजून मांडत होती.

'द ड्रॅगन प्रिन्स' या 2018 मध्ये सुरू झालेल्या मालिकेतला व्हिरेनही याच कुळातला. दुष्काळात लाखभर माणसे मरणार म्हणून लाव्हाच्या महाकाय प्राण्याचे काळीज काढून जमिनीला ऊब द्यावी, असे तो सुचवतो. पिके येतात, पण त्या मोहिमेत राण्या मरतात. त्या रात्री भुकेल्यांच्या बाजूने उभे राहायचे असते तर तुम्ही काय केले असते, हे मालिका तुम्हाला विचारते.

परीक्षकांच्या पिढीला हे कळू नये याचे मला वाईट वाटते. 'सामना' या चित्रपटातला निळू फुल्यांचा हिंदुराव याच पिढीने पाहिला. मास्तर तो एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत राहतात आणि हिंदुरावाला आतून पोखरत नेतात, हे बघताना कोणी म्हटले होते का की हिंदुरावाला एवढी जागा देऊ नका? खासबागेत तरी आपण काय बघायला जातो? जोड तोडीस तोड नसेल तर कुस्ती कितीही लवकर निकाली होवो, शिट्टी कोणी वाजवत नाही. लहान मुले खलनायकाची नक्कल करतात, ही काळजी मी समजू शकते. पण भाचीने चेटकिणीला माफ केलेले नाही. तिच्या गोष्टीत पिके वाळतातच, लोक रडतातच, आणि शेवटी गावकऱ्यांना धरणाच्या काठावर जाऊन चेटकिणीला विचारावे लागते की तुझे घर नेमके कुठे होते. एवढे पुढचे पान परीक्षकांनी शांतपणे वाचायला हवे होते.

2025 मध्ये याच विश्वातल्या 'सेव्हन हेवन्स' या पुढच्या मालिकेची घोषणा झाली. कोरानंतरची अवतार ही एक लहान मुलगी आहे, जग महाप्रलयात उद्ध्वस्त झाले आहे, आणि लोक अवतारालाच तारणहार न मानता विनाशकारी मानतात, एवढे तेव्हा सांगितले गेले. म्हणजे तिच्यामागे लागणाऱ्यांकडे कारण असणार, आणि ते खरे असणार, कारण त्यांची घरे खरोखर गेली आहेत. माझे लेखकांकडे एकच मागणे आहे. या वेळी त्यांच्यापैकी कोणाचा मुखवटा ओढून सुटका करून घेऊ नका, आणि त्या मुलीला त्यांच्यासमोर बसवून उत्तर द्यायला लावा.