राजाबद्दल चुकलो, राणीबद्दल नाही

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘अ रॉयल अफेअर’ या चित्रपटावर लिहिताना मी राणीच्या व्यभिचाराला प्रेमाचं नाव दिलं, आजारी नवऱ्याची बाजू मांडलीच नाही, आणि साताऱ्यात बसून डेन्मार्कचं राजघराणं कशाला उकरायचं, असे तुमचे तीन आक्षेप.

दुसरा मनाला लागला, कारण तो खरा आहे. सातव्या ख्रिश्चनला मी ‘वेडा राजा’ म्हणून एका ओळीत निकालात काढलं. मिकेल फोल्सगार्डला याच भूमिकेसाठी बर्लिन महोत्सवात रौप्य अस्वल मिळालं. त्या खिदळण्यामागचा घाबरलेला पोरगा मला तेव्हाच दिसायला हवा होता.

राणीबद्दल मात्र माघार नाही. १७६६ साली लंडनला लग्न लागलं तेव्हा कॅरोलिन माटिल्डा १५ वर्षांची होती. नवरदेव तिथं नव्हताच. त्याच्या जागी तिचा सख्खा भाऊ उभा होता. आपल्याकडे खांड्याशी लग्न लावायचे ना, तसंच! दोन दरबारांनी जुळवलेली सोयरीक, आणि नवराही अवघा १७ वर्षांचा. या संसारात राजवैद्य स्ट्रुएन्से आला, आणि राणीचं त्याच्यावर मन जडलं. तिनं काहीच चुकीचं केलं नाही असं मी म्हणत नाही. पण तिनं किती भोगलं बघा. १७७२ च्या एप्रिलमध्ये काडीमोड झाला, त्याच महिन्यात स्ट्रुएन्सेचा शिरच्छेद. क्रोनबोर्गच्या किल्ल्यात राणी कैदेत होती तेव्हा तान्ही लेक तिच्याजवळ होती. देशाबाहेर पाठवताना तीही काढून घेतली, वर्षाचीसुद्धा नव्हती हो ती. दोन्ही मुलं पुन्हा नजरेला पडली नाहीत. १७७५ मध्ये जर्मनीतल्या सेल गावी राणी वारली, वय २३.

आता साताऱ्याचं. थोरले शाहू महाराज १७४९ मध्ये गेले, त्याच साली हा ख्रिश्चन जन्मला. पुढच्याच वर्षी ताराबाईंनी नव्या छत्रपतींना, रामराजांना, किल्ल्यावर कैदेत टाकलं, आणि नंतर शिक्का छत्रपतींचा, कारभार पुण्याचा. तिकडे १७७१ च्या जुलैपासून स्ट्रुएन्सेच्या सहीचा हुकूम राजाच्या सहीइतकाच चालू लागला. सहा महिन्यांनी विरोधकांनी राजाला मध्यरात्री उठवलं आणि अटकेच्या हुकमांवर सह्या घेतल्या. बायकोच्या अटकेवरसुद्धा! अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वाढलेल्या माणसाला ती रात्र परकी कशी वाटेल?

लेखातली ‘वेडा राजा’ची ओळ आज काढली आहे. राणीवरचा परिच्छेद आहे तसाच ठेवला आहे.