नोलच्या 365 खोल्या मोजल्या कोणी?

इंग्लंडमध्ये केंट परगण्यात, सेव्हनओक्सला लागून नोल नावाचा अवाढव्य वाडा आहे. त्याच्याबद्दल एक मजकूर सतत फिरत असतो: 365 खोल्या, 52 जिने, 7 चौक, म्हणजे वर्षाचे दिवस, आठवडे आणि वार. राजा आठव्या हेन्रीनं तो पंचांग पुढ्यात ठेवून बांधला आणि तेव्हापासून त्याचा एक दगडही हललेला नाही, असंही त्यात असतं.

हेन्रीचं आधी उरकून टाकू. त्यानं हा वाडा 1538 साली आर्चबिशप क्रॅनमरकडून उपटला. तोवर तो चांगला जुना होता. कँटरबरीचा आर्चबिशप थॉमस बोर्शियर यानं 1456 मध्ये ही जागा विकत घेतली, तेव्हाही तिथं एक घर होतंच. त्यानं ते वाढवलं.

आता पंचांग. आराखडा एकाच डोक्यातून निघाला असता, तर सात चौकांची गोष्ट निदान शक्य तरी वाटली असती. पण मुख्य दरवाजातून आत शिरा, ग्रीन कोर्ट हा हिरवळीचा चौक ओलांडा. समोर पुन्हा एक बुलंद देवडी उभी! हाच बोर्शियरचा मनोरा. देवडी घराच्या पोटात कोण बांधतं? एके काळी वाड्याचं तोंडच तिथं होतं. पुढचा चौक नंतर जोडला गेला.

जिन्यांचंही तसंच. वाड्याची शान असलेला रंगवलेला जिना, कठड्याच्या खांबांवर पुढे वाड्याचं मालक झालेल्या सॅकव्हिल घराण्याचे कोरीव बिबटे बसलेला, राज्याचा खजिनदार थॉमस सॅकव्हिल याच्या 1605 ते 1608 मधल्या कामातला. मग आज 52 भरत असतील, तर 1604 मध्ये आठवडे किती होते म्हणायचे?

‘दगड हललेला नाही’ याचं उत्तर तर लाकूडच देतं. 2014 मध्ये डागडुजी करताना राजा पहिल्या जेम्ससाठी सजवलेल्या दालनातल्या फरशीच्या फळ्या उचलल्या गेल्या. खाली शेकोटीजवळच्या ओकच्या तुळईवर आडव्यातिडव्या रेघांची जाळी खरवडलेली आणि मुद्दाम भाजल्याचे डाग: चेटूक-भुतं अडवायच्या खुणा. लाकडाच्या वलयांवरून ते झाड 1605-06 च्या हिवाळ्यात तोडल्याचं ठरलं. नोव्हेंबर 1605 मध्येच राजाला पार्लमेंटसकट उडवण्याचा बारुदीचा कट फसला होता. सुतारांच्या मनातली धास्ती समजू शकते. (राजेसाहेब मात्र मुक्कामाला फिरकलेच नाहीत.) म्हणजे जुन्या वाड्याच्या आत सतराव्या शतकातलं नवं सुतारकाम आहे. ऑरेंजरीच्या, म्हणजे संत्र्याची झाडं थंडीत ठेवायच्या दालनाच्या, गॉथिक खिडक्या तर एकोणिसाव्या शतकातल्या.

राहिल्या खोल्या. माळे, तळघरं, कपड्यांच्या कोठड्या, भिंत घालून दोन केलेली दालनं. यांतलं काय धरायचं आणि काय सोडायचं, यावर आकडा हवा तिथं आणता येतो. शिवाय 1946 पासून वाडा नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे असला, तरी त्याच्या मोठ्या भागात सॅकव्हिल कुटुंबच राहतं आणि तिथं तिकीट काढूनही जाता येत नाही.